बटेरांसाठी सोयाबीन: दाणा निवडण्यापासून खाद्य भांड्यात पडेपर्यंत

"भरपूर सोयाबीन घालतोय, तरी पक्षी वाढत नाहीत." ही तक्रार आली की मी विचारतो, सोयाबीन कशा रूपात घालता? उत्तर बहुतेक वेळा "भाजून" असंच असतं. मग पुढचा प्रश्न: नीट भाजलं गेलंय हे कशावरून ठरवलं? "रंगावरून." गडबड इथेच होते. वरून सोनेरी दिसणारा दाणा आतून कच्चा असू शकतो. छान खमंग वास येणाऱ्या दाण्यातलं लायसिन (प्रथिनातलं वाढीला लागणारं एक अमिनो आम्ल) निम्मं निकामी झालेलं असू शकतं. डोळ्यांना आणि नाकाला यातलं फारसं काही कळत नाही.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतात. प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन ते अडवून धरतात. पक्ष्याचं स्वादुपिंड मग आणखी पाचकरस सोडत राहतं आणि त्या कामात आकाराने वाढतं. या पाचकरसांत गंधकयुक्त अमिनो आम्लं भरपूर असतात आणि तीही विष्ठेतून वाहून जातात. म्हणजे खाद्यातलं प्रथिन पचत नाही ते नाहीच, वर पक्ष्याच्या अंगातलंही खर्च होतं. कच्च्या दाण्यातली लेक्टिन नावाची प्रथिनं आतड्याच्या अस्तराला चिकटून शोषण बिघडवतात. उष्णता दिली की हे दोन्ही घटक मोडतात. पण ती जास्त झाली तर दाण्यातली साखर लायसिनला बांधून टाकते. असं बांधलेलं लायसिन प्रयोगशाळेच्या प्रथिनांच्या आकड्यात दिसतं, पण पक्ष्याला वापरता येत नाही.

हीच चूक बटेराला इतकी महाग का पडते? जपानी बटेराचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा जेमतेम ७ ते १० ग्रॅमचं असतं. पाच आठवड्यांत त्याला पंधरा-वीस पट व्हायचं असतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ साली दिलेल्या गरजांनुसार वाढीच्या काळात त्याला २४ टक्के प्रथिनं आणि १.३ टक्के लायसिन लागतं. खाली दिलेल्या मिश्रणात त्या २४ पैकी सुमारे २० टक्के प्रथिनं एकट्या सोयाबीनमधून येतात. तिथे घोळ झाला तर भरून काढायला दुसरं काही उरत नाही, आणि दिवसही उरत नाहीत.

१. आधी हातात काय आहे ते ओळखा

'सोयाबीन' या एका नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू येतात, आणि प्रत्येकीला वेगळी वागणूक लागते.

कच्चा दाणा: प्रथिनं ३६ ते ३८ टक्के, तेल १८ ते २० टक्के. उष्णता दिल्याशिवाय पक्ष्यांना द्यायचा नाही. उन्हात कितीही वाळवला तरी तो कच्चाच.

डीओसी, म्हणजे द्रावकाने तेल काढलेली पेंड: प्रथिनं साधारण ४४ ते ४८ टक्के. द्रावक उडवून लावताना कारखान्यात तिला वाफेची उष्णता मिळालेली असते. ती पुन्हा भाजू नका. 'आणखी थोडं भाजलेलं बरं' म्हणून कढईत परतलेल्या डीओसीने जितके लॉट बिघडलेले मी पाहिलेत, तितके कच्च्या दाण्यानेही बिघडलेले पाहिले नाहीत.

दाबून तेल काढलेली पेंड: हिच्याबाबत सर्वांत सावध राहा. यंत्रात दाबताना बऱ्यापैकी उष्णता तयार होते ती एक पेंड, आणि थंड घाण्याची दुसरी. दिसायला दोन्ही सारख्याच. थंड घाण्याची पेंड तेल कमी असलेला कच्चा दाणाच समजा. मी स्वतः एकदा अशीच पेंड 'पेंड आहे, म्हणजे तयार आहे' असं धरून घातली होती. आठ दिवसांत लिटर, म्हणजे पक्ष्यांखाली अंथरलेला भुसा, ओलं झालं आणि पिल्लांच्या बोटांना विष्ठेच्या गोळ्या चिकटल्या. त्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून एकेका बोटावरून सोडवायला लागल्या, तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

फुलफॅट सोया: तेलासकट भाजलेला किंवा एक्स्ट्रुडरमधून (उष्णता आणि दाब देणाऱ्या यंत्रातून) काढलेला दाणा. तयार विकत घेतला तरी चौथ्या टप्प्यातली तपासणी टळत नाही.

तपासा: पेंड कशी काढली आणि तिला किती उष्णता मिळाली, हे विक्रेत्याला विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर ती कच्ची धरा आणि आधी चाचणी करा.

२. दाणा निवडणं आणि वाळवणं

एका वेळी एकाच लॉटचा दाणा घ्या. टपोरा आणि बारीक दाणा एकत्र भाजला की बारीक करपतो, टपोरा आत कच्चा राहतो. चाळणीने दोन आकार वेगळे करा, तुकडे आणि फोलपटं बाजूला काढा.

बुरशी लागलेला, काळपट, कुबट वासाचा दाणा काढून टाकताना हात आखडता घेऊ नका. भाजल्याने बुरशी मरते, पण तिने तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष आपण देतो त्या उष्णतेला दाद देत नाही. त्याचा पहिला मार यकृतावर बसतो.

साठवायचा दाणा १२ टक्के ओलाव्याच्या खाली हवा. दाताखाली 'कट्' करून फुटला तर ठीक, दबला तर ओला. नेमका आकडा हवा असेल तर दळलेला १०० ग्रॅम नमुना ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. जितके ग्रॅम घटले, तितके टक्के ओलावा.

३. उष्णता देणं

तीन रस्ते आहेत. साधनं पाहून एक निवडा, पण मधेच बदलू नका. या आठवड्यात उकळलेला, पुढच्या आठवड्यात भाजलेला असं केलं की पक्ष्यांच्या वजनातला फरक कशामुळे आला ते कधीच उलगडत नाही.

(अ) कोरडं भाजणं

सर्वांत जास्त वापरली जाणारी आणि सर्वांत जास्त चुकणारी पद्धत. थोडा थोडा दाणा घ्या, सतत हलवत राहा, आच मध्यम ठेवा. लक्ष ठेवायचं ते दाण्याच्या गाभ्याच्या तापमानावर, ते ११५ ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं. कढईचं किंवा भट्टीतल्या हवेचं तापमान इथे उपयोगाचं नाही.

गाभ्याचं तापमान मोजायला भाजलेला गरम दाणा लगेच एका थर्मास फ्लास्कमध्ये गळ्यापर्यंत भरा, सळईचा थर्मामीटर मधोमध खुपसा, तोंड कापडाने बंद करा आणि दोन-तीन मिनिटांनी आकडा वाचा. पहिल्यांदा करणाऱ्याला धक्का बसतो. वरून खरपूस दिसणारा दाणा फ्लास्कमध्ये ९० अंशच दाखवतो.

तापमान गाठलं की दाणा पसरू नका. ढीग करून जाड गोणपाटाने झाका आणि २० ते ३० मिनिटं तसाच मुरू द्या. बाहेरची उष्णता आत पोहोचते ती याच वेळात. घाईत हा भाग गाळला जातो आणि मग 'भाजूनही कच्चा' निघतो. मुरल्यावर मात्र पातळ पसरून लवकर गार करा. रात्रभर झाकून ठेवलेला गरम ढीग आतून भाजतच राहतो.

दाणा अगदी खडखडीत कोरडा असेल तर भाजण्याआधी थोडं पाणी शिंपडून तासभर झाकून ठेवा. ओल असली की उष्णता आत लवकर जाते आणि ट्रिप्सिन इनहिबिटरही लवकर मोडतात.

सावधान: फ्लास्कमधला आकडा १२५ च्या वर गेला तर तो दाणा मुरवायला ठेवू नका, लगेच पसरा. आणि तो वेगळा ठेवून तपासा.

(आ) उकळणं

थोड्या पक्ष्यांसाठी मला ही पद्धत सर्वांत सुरक्षित वाटते, कारण साधं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही आणि दाणा करपण्याचा प्रश्नच येत नाही. दाणा ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी फेका. नवीन पाणी खळखळ उकळू लागल्यावर त्यात दाणा टाका. दाणा पडताच उकळी बसते. ती पुन्हा आली की तिथून घड्याळ लावा: ३० मिनिटं. भांडं चुलीवर ठेवल्यापासून वेळ मोजणं ही इथली नेहमीची चूक.

उकळलेलं पाणीही टाकून द्या. त्याबरोबर थोडं प्रथिन जातं हे खरं, पण रॅफिनोज, स्टॅकियोज या गॅस करणाऱ्या शर्कराही काही प्रमाणात जातात. नुसत्या उष्णतेने त्या मोडत नाहीत.

खरी कसोटी वाळवण्यात आहे. उकळलेला दाणा एका थरात पसरा, दर तासाला हलवा, आणि एका दिवसात निदान वरचा ओलसरपणा गेला पाहिजे असं पाहा. दुसऱ्या दिवशी हाताला चिकट लागला किंवा आंबूस वास आला तर तो लॉट गेला. ढगाळ हवा असेल आणि वाळवणयंत्र नसेल तर त्या दिवशी उकळायला घेऊच नका.

(इ) दाबाखालची वाफ

ऑटोक्लेव्ह किंवा मोठा प्रेशर कुकर. भिजवलेला दाणा, १२१ अंश सेल्सिअस, दाब पूर्ण चढल्यापासून १५ ते २० मिनिटं. कुकर एक तृतीयांशाहून जास्त भरू नका. सोयाबीनचा फेस चढतो, सालं सुटतात आणि वाफेची नळी चोंदते. तसं झालं तर दाण्याआधी तुम्हालाच भाजायचं.

मोड आणून किंवा नुसतं भिजवून काम भागेल का, असं बरेचजण विचारतात. थोडा फरक पडतो, पण उष्णतेची जागा ते घेत नाही.

४. तपासणी: हा टप्पा गाळायचा नाही

आधी साधी पाहणी. वीस दाणे घ्या आणि दोन दलं वेगळी करून आतली बाजू बघा. सगळीकडे एकसारखा फिकट सोनेरी रंग हवा. मधोमध हिरवट-पिवळा डाग असेल तर कच्चा, कडेला तपकिरी वलय असेल तर करपलेला. एक दाणा चावून बघा. कच्च्या शेंगेसारखी उग्र कडवट चव राहिलेली नको. पण ही नुसती पहिली चाळणी झाली, निकाल नव्हे.

खरी चाचणी युरिएजची. युरिएज हे सोयाबीनमधलं विकर ट्रिप्सिन इनहिबिटरसोबतच, साधारण तेवढ्याच उष्णतेला निकामी होतं. ते स्वतः पक्ष्याला त्रास देतं म्हणून ते मोजत नाहीत. ते मोजायला सोपं, म्हणून.

करायचं असं:

एक. रासायनिक सामान विकणाऱ्याकडून किंवा प्रयोगशाळेकडून युरिया आणि फिनॉल रेड यांचं तयार द्रावण मिळवा. ते पिवळसर-नारिंगी असतं. आधीच गुलाबी झालं असेल तर वापरू नका.

दोन. ढिगाच्या पाच-सहा ठिकाणांहून नमुना घ्या, एकत्र करा, बारीक दळा. वरच्या थरातला एक मूठ दाणा म्हणजे नमुना नव्हे.

तीन. दोन पांढऱ्या बशा घ्या. एकीत तुमचा नमुना आणि दुसरीत मुद्दाम कच्च्या दाण्याचं पीठ एका पातळ थरात पसरा. दोन्ही भिजतील इतकं द्रावण ओता, हलवू नका, पाच मिनिटं थांबा.

चार. युरिएज युरिया फोडून अमोनिया तयार करतं, त्यामुळे तिथे लाल ठिपके उमटतात. कच्च्याची बशी लालभडक झाली नाही तर द्रावण खराब आहे, चाचणी बाद. ती लाल झाली तरच तुमची बशी वाचा.

तुरळक ठिपके, फार तर पाव बशी लाल: ठीक. निम्मी किंवा जास्त लाल: उष्णता कमी पडली, पुन्हा द्यावी लागेल. अर्ध्या तासानंतरही एकही ठिपका नाही: खूश होऊ नका. दाणा जास्त भाजला गेल्याची शंका इथूनच सुरू होते.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त चुकतो. युरिएज एकदा शून्यावर आलं की पुढे दाणा किती करपला ते सांगू शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत प्रथिनाची विद्राव्यता तपासून घ्या, ०.२ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये. साधारण ७८ ते ८५ टक्के आली तर उत्तम, ७० च्या खाली म्हणजे लायसिन गेलं. तिथेच युरिएजची सामू-वाढ (द्रावणाचा पीएच किती वाढला ते) मोजली तर ती ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान असावी. अहवालात नुसते 'क्रूड प्रोटीन' लिहून आले तर त्यावरून दोन्हींतलं काहीच कळत नाही, कारण कच्चा, नीट भाजलेला आणि करपलेला असे तिन्ही दाणे प्रथिनाचा जवळपास सारखाच आकडा दाखवतात.

सावधान: चाचणीत वापरलेलं पीठ टाकून द्या, ते खाद्यात परत मिसळू नका. कमी भाजलेला लॉट दुरुस्त होतो, पण करपलेला होत नाही.

५. दळणं आणि साठवणं

भाजलेला दाणा अख्खा असताना टिकतो. दळला की त्यातलं तेल हवेला उघडं पडतं आणि खवट होऊ लागतं. खवट तेल खाद्यातलं ई जीवनसत्त्व संपवतं, आणि पिल्लं मान वाकडी करून तोल जाऊन पडू लागली की लोक रोगाची औषधं शोधत बसतात. म्हणून आठवड्याला लागेल तेवढंच दळा. पोत्यात भरण्याआधी दाणा हाताला पूर्ण गार लागला पाहिजे, नाहीतर आत वाफ धरून बुरशी येते.

पहिल्या दोन आठवड्यांच्या पिल्लांसाठी दळण साधारण १ मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारं हवं. त्याहून जाड राहिलं तर पिल्लं मक्याचे कण वेचतात आणि सोया तळाशी ठेवतात. अगदी पिठासारखं केलं तर ते ओल्या चोचीला चिकटून घट्ट होतं. चोचीच्या टोकाला पिवळी पुटं दिसली तर दळण जाड करा.

६. मिश्रण

तिसऱ्या आठवड्यापासून विक्रीपर्यंतच्या पक्ष्यांसाठी १०० किलोचं एक मिश्रण, ४५ टक्के प्रथिनांची डीओसी धरून:

मका ४९.५ किलो
डीओसी ३७ किलो
भाजलेलं फुलफॅट सोया १० किलो
डायकॅल्शियम फॉस्फेट १.४ किलो
चुनखडी १.१ किलो
मीठ ३०० ग्रॅम
डीएल-मिथिओनिन (गंधकयुक्त अमिनो आम्ल) २०० ग्रॅम
जीवनसत्त्वं आणि खनिजांचं प्रीमिक्स ५०० ग्रॅम

हिशोब करून बघा: मक्यातून ४.२, डीओसीतून १६.६, फुलफॅटमधून ३.७. बेरीज साडेचोवीस टक्के प्रथिनं. तुमच्या डीओसीचं प्रथिन वेगळं असेल तर मका आणि डीओसी यांचं प्रमाण त्याप्रमाणे हलवा. प्रीमिक्सची मात्रा त्याच्या पाकिटावर वेगळी असेल तर ती पाळा आणि फरक मक्यात जिरवा.

पहिल्या दोन आठवड्यांत मी घरी भाजलेला दाणा घालतच नाही. फुलफॅटच्या १० किलोऐवजी साडेआठ किलो डीओसी आणि दीड किलो खाद्यतेल घेतो. प्रथिनं आणि ऊर्जा जवळपास तेवढीच राहतात. पिल्लांचं आतडं तेव्हा कोवळं असतं, चुकीला जागा नसते.

मिथिओनिन वगळू नका. सोयाबीनमध्ये लायसिन भरपूर आहे, पण मिथिओनिन तोकडं पडतं. ते कमी पडलं की पिसं विरळ येतात आणि पक्षी एकमेकांची पिसं ओढू लागतात. मिथिओनिन, मीठ, प्रीमिक्स आधी दोन किलो मक्याच्या भरडीत नीट कालवा, मग मोठ्या ढिगात मिसळा. थेट ढिगावर टाकलेले २०० ग्रॅम एका कोपऱ्यातच राहतात.

साधारण सहाव्या आठवड्यापासून अंड्यावर येणाऱ्या माद्यांना हे खाद्य चालू ठेवू नका. त्यांना २० टक्के प्रथिनं पुरतात, पण कॅल्शियम अडीच टक्के लागतं. वरच्या मिश्रणात ते जेमतेम ०.८ आहे.

७. नवा लॉट सुरू करणं

एकदम बदलू नका. चार-पाच दिवसांत पाव, निम्मं, पाऊण असं वाढवत न्या. त्याआधी, शक्य असेल तर, एकाच वयाचे वीस पक्षी जुन्या खाद्यावर आणि वीस नव्यावर, शेजारच्या कप्प्यांत, सात दिवस ठेवा. रोज सकाळी खाद्य टाकण्याआधी दहा-दहा पक्षी एका खोक्यात तोला आणि उरलेलं खाद्यही तोला.

सरासरी वजनाइतकाच पक्ष्यापक्ष्यांच्या वजनातला फरकही बघा. त्याच कप्प्यात एक पक्षी ९० ग्रॅम आणि दुसरा ६० असं दिसलं तर दळण वेगवेगळं झालंय किंवा मिश्रण नीट कालवलेलं नाही.

८. पक्षी काय दाखवतात

उष्णता कमी पडली असेल तर विष्ठा पातळ, चिकट, कधी फेसाळ होते. पक्षी खातात पण वजन चढत नाही, लिटर ओलं होतं. मात्र नुसतं ओलं लिटर बघून लगेच सोयाबीन कच्चं असा निष्कर्ष काढू नका. सोयाबीनमध्ये पोटॅशियम बरंच असतं, त्यामुळे पक्षी पाणी जास्त पितात. मीठ जास्त झालं तरी तेच होतं. आधी मिठाचा हिशोब, मग युरिएजची बशी, या क्रमाने जा.

उष्णता जास्त झाली असेल तर लक्षणं जवळपास दिसतच नाहीत. विष्ठा चांगली, पक्षी चपळ, फक्त वजन मागे. आजार दिसत नाही म्हणून औषध, टॉनिक, जंतनाशक असं एकेक करत तीन आठवडे निघून जातात. अशा वेळी विद्राव्यतेची तपासणी करून घ्या. अहवाल येईपर्यंत फुलफॅट बंद करून पहिल्या दोन आठवड्यांचं डीओसी-तेलाचं मिश्रण द्या.

शंका फिटत नसेल तर कापलेल्या किंवा मेलेल्या पक्ष्याचं स्वादुपिंड बघा. लहान आतड्याच्या पहिल्या वळशात, दोन नळ्यांच्या मधे, फिकट गुलाबी पट्टी असते ती. दुसऱ्या लॉटवरच्या, त्याच वजनाच्या पक्ष्याचं शेजारी ठेवा. एकाचं ठळकपणे जाड आणि लांब असेल तर कच्च्या सोयाबीनवरचा संशय पक्का धरा.

प्रत्येक लॉटचा पाव किलो दाणा घट्ट झाकणाच्या डब्यात राखून ठेवा. वर चिठ्ठी लावा: तारीख, फ्लास्कमधलं तापमान, मुरवण्याची मिनिटं, बशीत किती लाल आलं. त्या खाद्यावरचा शेवटचा पक्षी जाईपर्यंत डबा रिकामा करू नका.